मदत हवी आहे: वजनकाट्याची केबल काढून लावली की परवानगी जाते

राम राम मंडळी. मोबाइलवरून लिहितोय, कीबोर्ड मराठी आहे, तेव्हा कमांडही देवनागरीतच गोड मानून घ्या.

बार्शीत मामाचं धान्याचं दुकान आहे. तिथल्या जुन्या पीसीवर मी उबुंटू लिनक्स टाकलं आणि इलेक्ट्रॉनिक काट्याचा आकडा थेट बिलात यावा म्हणून पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला. काटा यूएसबी-सिरीयल केबलवर आहे. पहिल्याच दिवशी 'परमिशन डिनाइड'. फाइलची परवानगी बघायला एलएस -एल केलं तर हे दिसलं:

सीआरडब्ल्यू-आरडब्ल्यू---- १ रूट डायलआउट १८८, ० /डेव्ह/टीटीवाययूएसबी०

सुडो सीएचमॉड ६६६ मारलं, म्हणजे सगळ्यांनाच वाचायची-लिहायची परवानगी दिली, आणि काटा बोलायला लागला. पण पोती सरकवताना केबल दिवसातून दोनदा तरी निघते. परत लावली की पुन्हा ६६०, म्हणजे परवानगी फक्त रूटला आणि गटाला. मी पुण्यात, आणि मामाचा फोन: "बाळा, तुझा काटा रुसला." प्रोग्रॅम सरळ रूटने चालवू का?

— काटेकोर

रूटने अजिबात नको. बिलाच्या प्रोग्रॅमला अख्ख्या मशीनच्या किल्ल्या कशाला?

काट्याची ही /डेव्ह/टीटीवाययूएसबी० फाइल डिस्कवर नसतेच. /डेव्ह मेमरीत असतं. केबल लावली की कर्नल (सिस्टीमचा गाभा) ती फाइल नव्याने करतो आणि यूडेव्ह हा डिव्हाइस सांभाळणारा प्रोग्रॅम तिला गट आणि परवानगी लावतो. तुम्ही जिच्यावर सीएचमॉड केलं, ती केबलबरोबरच गेली. सुरुवातीचा 'सी' म्हणजे कॅरेक्टर डिव्हाइस, म्हणून साइझच्या जागी १८८, ० दिसतंय: मेजर आणि मायनर नंबर, म्हणजे ड्रायव्हर कुठला आणि त्यातलं डिव्हाइस कुठलं.

उत्तर तुमच्याच ओळीत आहे. डायलआउट गटाला वाचायची-लिहायची मुभा आधीपासून आहे. नाव मोडेमच्या जमान्यातलं, पण काम तेच. दुकानाच्या युजरला त्यात घाला:

सुडो यूजरमॉड -एजी डायलआउट दुकान

यात ए लहान, जी कॅपिटल.

— जुना टर्मिनल

तो 'ए' विसरू नका हो! मी एकदा विसरलो. नुसत्या कॅपिटल जीने युजर बाकीच्या गटांतून बाहेर, त्यात ॲडमिनचे अधिकार देणारा सुडो गटही गेला. रिकव्हरी मोडमध्ये जाऊन अर्धी रात्र निस्तरत बसलो.

— शेवगा

केलं, 'ए' सकट. तरी डिनाइडच! आणि आता गिऱ्हाइकाला आकडा दाखवणारा डिस्प्लेही तसल्याच केबलवर घेतलाय. कधी काटा टीटीवाययूएसबी० असतो, कधी टीटीवाययूएसबी१. काल डिस्प्लेकडे वजन मागत बसलो.

— काटेकोर

नुसतं टर्मिनल बंद करून उघडलंत ना? पूर्ण लॉगआउट करून आत या. चालू सेशनला नवा गट कळत नाही. मग 'आयडी' मारून डायलआउट दिसतो का बघा.

०-१ च्या भानगडीसाठी आधी एलएसयूएसबी मारून जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी बघा. दोन्हींवर १ए८६:७५२३ आलं तर ती सीएच३४० चिप. तिला बहुधा वेगळा सिरीयल नंबर नसतो, त्यामुळे आयडीवरून यूडेव्हचा नियम लिहिलात तर दोन्ही केबली त्यात बसतील. त्यापेक्षा /डेव्ह/सिरीयल/बाय-पाथ मध्ये बघा. तिथल्या लिंक पोर्टच्या जागेवरून बनतात. प्रोग्रॅममध्ये तीच द्या. अट एकच, ज्याची केबल त्याच पोर्टात.

— जुना टर्मिनल

लॉगआउट केलं आणि चाललं! मामाला फोनवरून केबल तीनदा काढून लावायला सांगितली, तिन्ही वेळा वजन आलं. पोर्ट चुकू नयेत म्हणून एकाला लाल टिकली, दुसऱ्याला हिरवी. मामीच्या पाकिटातली.

— काटेकोर