पश्चिमेच्या खिडकीला डबल काच लावावी का?

बाणेरकर: सहावा मजला, पश्चिमेला 6 बाय 4 फुटांची सरकती खिडकी, 5 मिमी साधी काच. एप्रिल-मेमध्ये चारनंतर दीड टनाचा एसी थांबतच नाही. फॅब्रिकेटर 5-12-5 ची (5 मिमी काच, 12 मिमी पोकळी, 5 मिमी काच) डबल काच लावा म्हणतोय. फरक पडेल?

काचकाम: साधी डबल काच असेल तर फारसा नाही. हिशेब करून बघा. खिडकी साधारण 2.2 चौरस मीटरची. बाहेर 38 अंश, आत 26. साध्या काचेची यू-व्हॅल्यू (एका अंशाच्या फरकाला चौरस मीटरमागे किती वॅट उष्णता आरपार जाते ते) 5.7 धरली तर या फरकामुळे जेमतेम 150 वॅट उष्णता आत येते. पण तिरपं ऊन चौरस मीटरला 600 वॅट धरलं आणि काचेचा एसएचजीसी (उन्हातल्या उष्णतेचा किती वाटा आत येतो ते) 0.82, तर उन्हातूनच 1080 वॅट! साध्या डबल काचेने 150 चे 75 होतात, 1080 चे फक्त 950. म्हणजे पैसे गेले आणि खोली तापायची ती तापलीच. सोलर कंट्रोल लो-ई कोटिंगवाली (उन्हाची उष्णता अडवणारा पातळ थर दिलेली), एसएचजीसी 0.30 च्या आसपासची काच मागा. ऊन 400 वॅटवर येतं. पुण्यात हीटर लागतो तो थंडीतल्या मोजक्या रात्री, त्यामुळे नुसत्या यू-व्हॅल्यूमागे धावू नका.

सेक्शनवाला: आधी सेक्शन, म्हणजे काच बसते ती चौकटीची पट्टी, मोजा. 5-12-5 म्हणजे 22 मिमी जाडी, जुन्या सरकत्या शटरमध्ये ती बसत नाही. वजनही दुप्पट, चौरस मीटरला 25 किलो, म्हणून रोलर बदलावेच लागतात. खालच्या ट्रॅकमधली पाणी जायची भोकं मोकळी ठेवा. ती तुंबली की पावसाळाभर काचेची कड पाण्यात राहते, सील सुटतं आणि दोन काचांच्या मध्ये वाफ धरते. मग ती पुसता येत नाही, अख्खी काच बदलावी लागते.

गच्चीवरून: बजेट कमी असेल तर बाहेरून बांबूची चिक लावा, ऊन काचेपर्यंत पोचतच नाही. सहाव्या मजल्यावर वारा असतो, खालची दांडी घट्ट बांधा. छज्ज्याचा इथे उपयोग नाही, संध्याकाळचं ऊन त्याच्या खालून येतं. आतून गडद फिल्म लावायची असेल तर काच टफन्ड (तापवून कडक केलेली) आहे का ते आधी पाहा. साधी काच मध्ये तापते, फ्रेममधली कड गार राहते आणि तिथूनच तडा जातो.

बाणेरकर: कोटिंग खरंच दिलंय, हे कसं ओळखायचं?

काचकाम: अंधारात बाहेरच्या बाजूने काचेसमोर लायटर धरा. दोन काचांच्या चार बाजूंची चार प्रतिबिंबं दिसतील. बाहेरून मोजत दुसऱ्याचा रंग वेगळा दिसला तर कोटिंग आहे आणि योग्य जागी आहे. चारही सारखी दिसली तर माल परत पाठवा.