शॅनन रग्बी क्लबचे उल्लेखनीय खेळाडू: यादी कशी लावावी?

नदीकाठ

नमस्कार. मराठी विकिपीडियासाठी मी आयर्लंडमधील लिमरिक शहरातल्या शॅनन रग्बी क्लबवर लेख लिहीत आहे. १८८४ साली स्थापन झालेला हा हौशी क्लब ऑल आयर्लंड लीगमधला, म्हणजे आयर्लंडभरातील क्लबांच्या स्पर्धेतला, सर्वांत यशस्वी क्लब आहे. १९९५ ते १९९८ अशी सलग चार वर्षे, मग २००२ मध्ये, पुढे २००४ ते २००६ अशी सलग तीन वर्षे आणि शेवटी २००९ मध्ये, अशी एकूण नऊ विजेतेपदे त्याच्या नावावर आहेत. इतिहासाचा भाग लिहून झाला असून 'उल्लेखनीय खेळाडू' या विभागापाशी मात्र माझे काम अडले आहे.

आयर्लंडकडून खेळलेल्यांची नावे मी सामन्यांच्या संख्येनुसार उतरत्या क्रमाने लावून पाहिली. पहिल्या स्थानावर जॉन हेज (१०५ सामने) आले, दुसऱ्यावर पीटर स्ट्रिंगर (९८), त्यानंतर मार्कस होरान (६७) आणि अँथनी फोली (६२). अगदी तळाशी कोल्म टकर आले, केवळ ३ सामन्यांसह. आकडे बरोबर आहेत, तरीही ही यादी वाचून या क्लबची ओळख होते असे मला वाटत नाही. स्ट्रिंगर हे मूळचे कॉर्कचे आणि त्या शहरातल्या क्लबमधून पुढे आलेले खेळाडू. वडिलांपासून याच क्लबचे असलेल्या फोली यांच्याही वर ते असावेत, हे मनाला पटत नाही. आयर्लंडकडून एकही सामना न खेळलेल्या, पण क्लबसाठी वर्षानुवर्षे राबलेल्या माणसांना अशा यादीत जागाच राहत नाही, ही दुसरी अडचण. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

पाचवा_थांबा

आपली शंका रास्त आहे. आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या आकड्याचा अर्थ प्रत्येक काळात सारखा राहिलेला नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवे. १९७०च्या दशकात आयर्लंडचा संघ फाइव्ह नेशन्स या युरोपातील पाच देशांच्या स्पर्धेत वर्षाला चार सामने खेळत असे आणि त्यात एखाददुसऱ्या पाहुण्या संघाशी होणाऱ्या सामन्याची भर पडे. विश्वचषक १९८७ मध्ये सुरू झाला. २००० नंतरच्या खेळाडूला त्याच स्पर्धेचे, म्हणजे आताच्या सिक्स नेशन्सचे, पाच सामने, शरद ऋतूतील मालिका आणि उन्हाळी दौरा मिळून एका वर्षात जेवढी संधी मिळे, तेवढी त्या पिढीला दोन-अडीच वर्षांतही मिळत नसे.

शिवाय शॅननच्या इतिहासातला सर्वांत मोठा दिवस या आकड्यांत कोठेही दिसत नाही, कारण तो आयर्लंडच्या संघाचा नसून मन्स्टर प्रांताच्या संघाचा होता. ३१ ऑक्टोबर १९७८ रोजी लिमरिकच्या थॉमंड पार्कवर मन्स्टरने न्यूझीलंडला १२-० असे हरवले. त्या दौऱ्यात न्यूझीलंडने इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड या चारही देशांना नमवले आणि अठरा सामन्यांत केवळ हा एक गमावला. मन्स्टरच्या त्या संघात शॅननचे तिघे होते: प्रॉप (स्क्रमच्या पहिल्या रांगेच्या कडेचा खेळाडू) गेरी मॅकलॉकलिन, लॉक (दुसऱ्या रांगेतला) ब्रेंडन फोली आणि फ्लँकर (बाजूचा) कोल्म टकर. तिघेही फॉरवर्ड, म्हणजे स्क्रममध्ये (दोन्ही संघ एकमेकांना भिडून रेटतात त्या रचनेत) डोके घालून ढकलणारे. पुढल्या काळात शॅननने जे काही कमावले, ते मुख्यतः याच फळीच्या बळावर, आणि त्याची पायाभरणी येथे झालेली दिसते.

टकर यांचा आकडा तीनच आहे हे खरे. परंतु १९८० मध्ये ब्रिटिश आणि आयरिश लायन्सबरोबर ते दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले आणि मालिकेतील शेवटच्या दोन कसोटी सामन्यांत खेळले. चार देशांतून निवडलेल्या संघात ज्यांना कसोटीचे स्थान मिळाले, त्यांना स्वतःच्या देशाकडून जेमतेम तीनदा खेळायला मिळाले. आयर्लंडच्या त्या काळातील निवडीत लिमरिकच्या खेळाडूंना योग्य न्याय मिळत नव्हता, असे मानणारे लोक लिमरिकमध्ये आजही भेटतात आणि टकर यांच्याकडे पाहिले की मलाही त्यात तथ्य वाटते.

मॅकलॉकलिन यांच्याविषयी तर स्वतंत्र परिच्छेदच लिहावा. १९८२ मध्ये ट्विकेनहॅमवर आयर्लंडने इंग्लंडला १६-१५ असे हरवले, त्यातला दुसरा ट्राय (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवून गुण मिळवणे) त्यांचा होता. चेंडू पोटाशी धरून हा प्रॉप गोलरेषेच्या दिशेने वळला आणि आयर्लंडचे सारे फॉरवर्ड त्याला मागून रेटत रेषेपलीकडे घेऊन गेले. ट्राय मैदानाच्या कडेला झाल्यामुळे दोन जादा गुणांसाठीची पुढची किक अवघड कोनातून मारावी लागणार होती, ती ऑली कॅम्पबेल यांनी खांबांमधून पार केली आणि सामन्याचा निकाल शेवटी त्या दोन गुणांवर ठरला. त्या मोसमात आयर्लंडने १९४९ नंतर प्रथमच ट्रिपल क्राउन (इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स या तिघांवर एकाच मोसमात विजय) मिळवला. मॅकलॉकलिन पुढे १९८३ मध्ये लायन्सबरोबर न्यूझीलंडला गेले आणि त्यानंतर अनेक वर्षांनी लिमरिकचे महापौरही झाले.

केतकीचे_बन

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, परंतु लेखाचा गाभा १९९५ ते १९९८ या चार वर्षांचा असावा, असे माझे ठाम मत आहे. ऑगस्ट १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाने या खेळावरचे हौशीपणाचे, म्हणजे खेळाडूंना पैसे न देण्याचे, बंधन उठवले. शॅननचे पहिले विजेतेपद त्याच्या काही महिने आधीचे आणि पुढची तीन त्यानंतरची. म्हणजे जुनी व्यवस्था मोडून नवी घडत असतानाच हा क्लब सर्वांत बलवान होता. त्या दोन-तीन वर्षांत प्रांतांचे पगारी करार नुकतेच सुरू होत होते आणि खेळाडू मन्स्टरकडून खेळले तरी शनिवारी क्लबच्या मैदानावर हजर असत. पुढे प्रांतांचा मोसम लांबत गेला आणि करारबद्ध खेळाडूचे नाव क्लबच्या पटावर असले, तरी क्लबच्या अंगरख्यात त्याचे दर्शन दुर्मीळ होत गेले.

म्हणूनच अँथनी फोली आणि मिक गाल्वी यांचे स्थान वेगळे आहे. गाल्वी केरी परगण्यातील करोचे. १९८६ मध्ये गेलिक फुटबॉल या आयर्लंडच्या पारंपरिक खेळाचे अखिल आयर्लंड विजेतेपद पटकावणाऱ्या केरीच्या चमूत ते होते. त्यानंतर रग्बीत येऊन ते आयर्लंडकडून ४१ सामने खेळले आणि १९९३ मध्ये लायन्सबरोबर न्यूझीलंडच्या दौऱ्यावर गेले. शॅननच्या सलग चार विजेतेपदांच्या काळात ते संघाचे आधारस्तंभ होते आणि २००० व २००२ अशा दोन वर्षी हायनेकेन कप या युरोपातील संघांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत त्यांनी मन्स्टरचे नेतृत्व केले. दोन्ही वेळा पराभव झाला, पहिल्यांदा तर केवळ एका गुणाने.

तो चषक अखेर अँथनी फोली यांच्या हाती आला. ब्रेंडन फोली यांचे हे पुत्र 'क्रमांक आठ'च्या, म्हणजे स्क्रमच्या सर्वांत मागच्या, जागेवर खेळत. २० मे २००६ रोजी कार्डिफमध्ये मन्स्टरने बिआरिट्झला २३-१९ असे हरवले, तेव्हा ते कर्णधार होते. फोली यांच्याकडे फार मोठा वेग नव्हता. चेंडू कोठे पडणार आणि प्रतिस्पर्धी कोणत्या बाजूने येणार, हे त्यांना इतरांच्या आधी कळत असे आणि म्हणून ते योग्य जागी आधीच पोहोचलेले असत. वडिलांचा क्लब, वडिलांचा प्रांत आणि तेच मैदान, असा वारसा आयर्लंडच्या रग्बीतही सहसा पाहायला मिळत नाही. मन्स्टरचे मुख्य प्रशिक्षक असताना १६ ऑक्टोबर २०१६ रोजी पॅरिसमध्ये, संघाच्या मुक्कामाच्या हॉटेलात, वयाच्या ४२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. सहा दिवसांनी थॉमंड पार्कवर ग्लासगोविरुद्ध सामना होता. त्या दिवशी मन्स्टरने आठ क्रमांकाचा अंगरखा कोणालाही दिला नाही. त्या जागेवर खेळणाऱ्या सी. जे. स्टँडर यांनी २४ क्रमांक घातला. पंचांनी एका खेळाडूला मैदानाबाहेर काढल्यामुळे चौदा जणांनिशी खेळूनही मन्स्टरने तो सामना ३८-१७ असा जिंकला.

आयर्लंडकडून न खेळलेल्यांपैकी दोन नावे मला वगळता येणार नाहीत. नायल ओडोनोव्हन हे स्वतः शॅननचे 'क्रमांक आठ' होते आणि सलग चार विजेतेपदांच्या काळात प्रशिक्षक होते. पुढे मन्स्टरच्या आणि आयर्लंडच्या फॉरवर्ड फळीलाही त्यांनी घडवले. दुसरे फुलबॅक, म्हणजे संघात सर्वांत मागे खेळणारे, अँड्र्यू थॉम्पसन. लीगमधील कितीतरी सामने त्यांच्या किकने शॅननच्या पारड्यात टाकले आणि प्रांतांच्या काळातही त्यांची खरी कारकीर्द क्लबपाशीच राहिली. 'क्लबचा खेळाडू' ही ओळख सर्वांत पूर्णपणे कोणाला लागू पडत असेल, तर ती थॉम्पसन यांना.

आडवाटेचा_प्रवासी

जॉन हेज यांच्याकडे वरील दोन्ही प्रतिसादांत दुर्लक्ष झाले आहे आणि ते मला अन्यायकारक वाटते. आयर्लंडकडून शंभर सामने खेळणारे ते पहिले खेळाडू. हा टप्पा त्यांनी फेब्रुवारी २०१० मध्ये ट्विकेनहॅमवर गाठला आणि ब्रायन ओड्रिस्कॉल त्यानंतर काही दिवसांनी तेथवर पोहोचले. दोन विश्वचषक, मन्स्टरचे २००६ आणि २००८ हे दोन्ही हायनेकेन कप आणि २००९ चे ग्रँड स्लॅम (सिक्स नेशन्समधील सर्व सामने जिंकणे), हे सर्व एका प्रॉपच्या वाट्याला आले. प्रॉपच्या जागेवर मान आणि पाठ यांवर जो भार येतो, तो पाहता हे टिकणेच असामान्य आहे.

त्यातही एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. चेंडू मैदानाबाहेर गेला की दोन्ही संघ रांगा करून उभे राहतात आणि कडेच्या रेषेवरून फेकलेला चेंडू झेलण्यासाठी एका खेळाडूला त्याचेच दोन साथीदार हवेत उचलतात; याला लाइनआउट म्हणतात. हेज प्रॉपच्या मानाने पुष्कळ उंच, सुमारे सहा फूट चार इंच. क्लबमध्ये ते आधी लॉक म्हणून खेळत आणि नंतर प्रॉप झाले. त्यामुळे उडी मारणाऱ्याला काय हवे असते, हे त्यांना आतून ठाऊक होते. मन्स्टरचे लॉक पॉल ओकॉनेल हवेत चेंडू झेलतानाची जी छायाचित्रे आपण पाहतो, त्यांतील अनेकांत खाली वर ताणलेले दोन हात हेज यांचे आहेत. दहीहंडीच्या सर्वांत खालच्या थरातील माणसासारखे त्यांचे हे काम होते.

हेज मूळचे लिमरिक परगण्यातील कॅपामोरचे शेतकरी. ते ब्रफ क्लबमध्ये रग्बी शिकले, न्यूझीलंडमधील इन्व्हरकार्गिलला काही काळ खेळून आले आणि शॅननमध्ये घडले. आयर्लंडच्या संघयादीत खेळाडूच्या नावापुढे क्लब आणि प्रांत असे दोन्ही छापतात. हेज यांच्या नावापुढे आधी शॅनन असे, तर कारकिर्दीच्या उत्तरार्धात तेथे ब्रफ आले. मग १०५ पैकी किती सामने शॅननचे म्हणायचे? याउलट स्ट्रिंगर कॉर्कचे असूनही त्यांच्या नावापुढे शॅनन छापले जाई. क्लबचे नाव सामन्यांच्या एकूण आकड्याला जोडण्यातली अडचण ही अशी आहे. हेज मोठेच आहेत, पण त्यांचे मोठेपण त्या आकड्यावरून शॅननच्या खात्यात मांडता येणार नाही.

नदीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. सामन्यांच्या संख्येचा क्रम मी सोडून देत आहे. विभागाची सुरुवात १९७८ च्या तिघांपासून करीन, त्यानंतर सलग चार विजेतेपदांचा संघ घेईन आणि त्यातच ओडोनोव्हन व थॉम्पसन यांना जागा देईन. मार्कस होरान, अॅलन क्विनलन, जेरी फ्लॅनरी आणि एडी हॅल्वी यांच्याविषयी प्रत्येकी एखादे वाक्य पुरेसे होईल का? २००६ च्या अंतिम सामन्यात मन्स्टरच्या स्क्रमच्या पहिल्या रांगेत होरान, फ्लॅनरी आणि हेज असे तिघेही शॅननमध्ये घडलेले होते, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

पाचवा_थांबा

होरान आणि फ्लॅनरी यांच्यासाठी ते एक वाक्यच सर्वांत बोलके आहे, ते तसेच ठेवावे. हॅल्वी यांना मात्र एका वाक्यात उरकू नये. १९९५ च्या विश्वचषकात ते आयर्लंडकडून खेळले आणि लाइनआउटमधला त्यांचा झेल हे त्या काळातील शॅननचे मोठे शस्त्र होते. क्विनलन टिपररीचे, तेथून लिमरिकला येऊन त्यांनी आपली जागा मिळवली, ही बाब नोंदवावी, कारण मूळचा शहराच्या एका वस्तीतला हा क्लब नव्वदच्या दशकात आसपासच्या परगण्यांतील मुलांनाही आपल्याकडे खेचू लागला होता.

आणखी दोन नावे सुचवतो. ब्रायन ओब्रायन हे सेंटर १९६८ मध्ये आयर्लंडकडून खेळले आणि नंतर आयर्लंडच्या संघाचे व्यवस्थापक झाले. फॉरवर्डांच्या या क्लबात मागच्या फळीतला आंतरराष्ट्रीय खेळाडू म्हणून त्यांचे नाव हवेच. दुसरे नाव रोझी फोली यांचे. ब्रेंडन यांच्या कन्या आणि अँथनी यांच्या भगिनी असलेल्या रोझी शॅननकडून, मन्स्टरकडून आणि आयर्लंडच्या महिला संघाकडून खेळल्या आहेत. फोली कुटुंबाविषयी लिहिताना बहुतेक लेख पितापुत्रांवर थांबतात. आपल्या लेखात तिघांचीही नावे एकाच परिच्छेदात यावीत. कोल्म टकर यांचे निधन २०१२ मध्ये झाले, त्यामुळे त्यांच्याविषयीची वाक्ये त्यानुसार भूतकाळात ठेवावीत.