मदत हवी आहे: एक्स-मेन कॉमिक्समधली 'म्यूटंट मॅसकर' ही कथा कुठल्या क्रमाने वाचू?

डेक्कनच्या फूटपाथवर जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात 1986 चा 'अनकॅनी एक्स-मेन' अंक 211 मिळाला. मुखपृष्ठावर 75 सेंट छापलंय, पिना गंजलेल्या. आनंदाने घरी आणला आणि पार विरस झाला. बोगद्यात मॉरलॉक (भुयारात राहणारे म्यूटंट) मारले जातायत, एक्स-मेनपैकी कोलोसस, नाइटक्रॉलर, किटी तिघंही जायबंदी, पण सुरुवात कुठे, शेवट कुठे, पत्ताच नाही. चित्रं झकास, गोष्ट मात्र निम्मीच!

शोधल्यावर कळलं की ही कथा एक्स-मेनच्या अंक 210 ते 213 मध्ये आहेच, शिवाय एक्स-फॅक्टर 9 ते 11, न्यू म्यूटंट्स 46, थॉर 373-374 आणि पॉवर पॅक 27 या दुसऱ्या मालिकांच्या अंकांतही विखुरलीय. (पॉवर पॅक म्हणजे लहान पोरं ना? त्यांना या कत्तलीत कशाला ओढलं?)

अप्पा बळवंत चौकात दोन दुकानं पालथी घातली, हाती काही नाही. पायरेटेड स्कॅन नकोत. बजेट हजार-बाराशे, जुनी प्रतही चालेल. एक्स-मेनचीच 1980 ची 'डार्क फिनिक्स' ही कथा वाचलीय, त्यामुळे पात्रांची ओळख नको.

थॉर आणि पॉवर पॅक वगळले तर एक्स-फॅक्टरमधल्या एंजलच्या पंखांचं पुढे काय झालं ते कळेल का? आणि एकत्रित खंड पुण्यात कुणी प्रत्यक्ष पाहिलाय का, कुठे?