जुन्या मृत्यूच्या नोंदी शोधताना

गोव्यातल्या जुन्या मृत्यूंबद्दल कोणीतरी म्हटलंय की गावच्या पंचायतीत नोंद नाही म्हणजे ती झालीच नसणार, ते पटलं नाही. मृत्यू जिथे झाला तिथे नोंद होते, राहत्या गावात नाही, म्हणून पेडण्याचा माणूस बांबोळीच्या हॉस्पिटलात वारला तर पेडण्यात शोधून काय मिळणार?

आणि १९६१ च्या आधीचं, म्हणजे पोर्तुगीज राजवटीतलं असेल तर तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे, म्हणजे नोंदणी अधिकाऱ्याकडे विचारा, तिथलं रजिस्टर पोर्तुगीजमध्ये असतं, मृत्यूला ऑबितो लिहिलेलं. आमच्या आजोबांचा दाखला तीन खेपांत मिळाला नाही, कारण आम्ही कामत म्हणून के (K) अक्षराखाली बघत होतो आणि नोंद होती कामोतीम (Camotim), सी ने. कृष्णासुद्धा सी नेच लिहायचे. जुन्या विक्रीखतावरचं स्पेलिंग आधी बघा, खूप हेलपाटे वाचतील.