एका मुलामागे सरकार किती देतं? समितीची शाळा, ग्रांटेड, आरटीई, प्रत्येकाचा वेगळा हिशोब का?

मांडवीचा पालक:
बडोद्यातल्या मराठी मंडळींशी जरा वाद घालायचाय. माझी मुलगी नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळेत पाचवीत आहे, सरकारच्या ज्ञान सेतू मेरिट स्कॉलरशिपच्या सीईटीला, म्हणजे निवड परीक्षेला, बसवायचं म्हणून माहिती वाचायला घेतली आणि डोकंच फिरलं. परीक्षा एकच, मेरिट एकच, पण पोरगी सहावीला सेल्फ फायनान्स (पूर्ण खासगी) शाळेत गेली तर वर्षाला २०,००० आणि सरकारी किंवा ग्रांटेडमध्येच (शाळा ट्रस्टची, पगार सरकारचा) राहिली तर ५,०००. म्हणजे सरकार आपल्याच शाळेतल्या हुशार मुलीला सांगतंय की तू इथून निघ, चौपट देतो. वर्गातली चार चांगली पोरं गेली की उरलेल्यांना कोण ओढणार, बाईंचाही उत्साह जातो.

मग बाकीचे आकडे काढले. आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने गरीब मुलांना प्रायव्हेट शाळेत मिळणाऱ्या मोफत जागांसाठी, शाळेला मुलामागे वर्षाला १३,००० पर्यंत, वर मुलाच्या खात्यात गणवेश-पुस्तकांसाठी ३,०००. छोटाउदेपूरकडे आदिवासी मुलांच्या एकलव्य निवासी शाळा आहेत, त्यांना केंद्राने ठरवलेला खर्च मुलामागे वर्षाला लाखाच्या वर, त्यात राहणं-खाणं सगळं आलं. आदिवासी मुलाला जास्त मिळतंय याबद्दल माझी काडीची तक्रार नाही, उलट माझं म्हणणंच ते आहे की ज्याची गरज जास्त त्याला जास्त. आणि साध्या सरकारी शाळेला समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेतून जी वार्षिक ग्रांट येते ती ९० मुलांच्या शाळेला २५,००० आणि ९०० मुलांच्या शाळेला ७५,०००. भागून बघा, एकीकडे मुलामागे २७७ रुपये आणि दुसरीकडे ८३. त्यातच खडू, फिनाईल, नळदुरुस्ती, झेरॉक्स.

माझं मत एका वाक्यात: पैसा मुलाच्या गरजेवर ठरावा, ते कुठल्या दारातून आत गेलं त्यावर नाही, आणि प्रत्येक शाळेचा मुलामागचा आकडा शाळेच्या फळ्यावर लिहिलेला असावा.

जुने मास्तर, रावपुरा:
भाऊ, तळमळ पटते पण तुम्ही जे मागताय त्याने सगळ्यात आधी आपल्याच मराठी माध्यमाच्या शाळा मरतील. मी ग्रांटेड शाळेत आयुष्य काढलंय म्हणून सांगतो. शाळेचा खरा खर्च शिक्षक, आणि शिक्षक काही अर्धा-पाव करून नेमता येत नाही. आरटीईच्या नियमाने प्राथमिकला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक लागतातच, मग मुलं २० असोत की ६०.

सगळ्यात स्वस्त हिशोब धरा. ज्ञान सहायक म्हणजे करारावरचा शिक्षक, प्राथमिकला महिना २१,०००, करार ११ महिन्यांचा. दोघांचे झाले ४,६२,०००. साठ मुलं असतील तर मुलामागे ७,७००, चाळीस असतील तर ११,५५०, वीस असतील तर २३,१००. आता दर डोक्यामागे ठराविक रक्कम द्या म्हटलं की वीस मुलांची शाळा पहिल्याच वर्षी तोट्यात, दुसऱ्या वर्षी मर्जर, म्हणजे दुसऱ्या शाळेत विलीन. आणि बडोद्यात वीस-पंचवीस मुलांची शाळा म्हटली की बहुतेक वेळा ती मराठी माध्यमाची असते, हे तुम्हालाही माहीत आहे. पाड्यावरच्या शाळेचीही तीच गत होईल.

अकाउंटवाला, मांजलपूर:
मांडवीभाऊंची २०,००० विरुद्ध ५,००० ही तुलनाच चुकीची आहे, सॉरी पण आहे. सरकारी शाळेत शिक्षकाचा पगार, बिल्डिंग, पुस्तकं, दुपारचं जेवण हे सगळं सरकार आधीच भरतंय, ५,००० त्याच्या वरचे आहेत. सेल्फ फायनान्सवाल्या मुलामागे सरकारचा बाकी काहीच खर्च नाही, २०,००० देऊन हात मोकळे. परमनंट शिक्षकाचा पगार धरला तर सरकारी शाळेतलं मूल २०,००० च्या पुष्कळ वर जाईल, मास्तरांनी कराराचा पगार धरूनसुद्धा वीस मुलांना २३,१०० आले की. म्हणजे जास्त पैसा सरकारी शाळेतच जातोय आणि तरी आपणच तिथे पोरं घालत नाही. प्रश्न पैशाच्या वाटपाचा नाहीये, पैशाच्या बदल्यात काय मिळतं त्याचा आहे.

मांडवीचा पालक:
अकाउंटवाले भाऊ, पगार सरकार भरतंय हे मला माहीत आहे. पण पगार भरायला जागेवर माणूस लागतो ना. एका बाईंकडे तिसरी आणि चौथी एकाच खोलीत, फळ्याच्या मधोमध खडूची रेघ, डावीकडे तिसरीचा गुणाकार उजवीकडे चौथीचं व्याकरण, आणि बाई मतदार यादीच्या कामाला गेल्या की दोन्ही बाजू पुसलेल्या. कागदावर त्या मुलांचा खर्च भरपूर दिसेल, मुलाच्या वाट्याला अर्ध्या बाई येतात. म्हणून तर म्हणतोय की आकडा शाळानिहाय बाहेर काढा, अख्ख्या राज्याची सरासरी नको.

ट्रस्टवाला, कारेलीबाग:
आमची शाळा लहान आहे, कुठलीही साखळीबिखळी नाही, त्यामुळे प्रायव्हेट म्हटलं की जे चित्र तुमच्या डोळ्यासमोर येतं ते आमचं नाही. कायदा सांगतो की आरटीईच्या २५ टक्के जागांचे पैसे सरकारच्या स्वतःच्या दर मुलामागच्या खर्चाइतके किंवा आमच्या फीइतके, जे कमी असेल ते. केंद्राच्या मॉडेल रुल्समध्ये तो खर्च काढायची रीत पण दिली आहे: सरकारी शाळांचा वर्षाचा सगळा आवर्ती खर्च भागिले त्या शाळांतली मुलं, ग्रांटेड शाळांचा खर्च त्यात धरायचा नाही. आता वरच अकाउंटवाले म्हणाले की सरकारी मूल २०,००० च्या वर जातं, मग आम्हाला १३,००० का?

आणि दुसरं बघा. २०१७ च्या फी नियमन कायद्यात प्राथमिकची मर्यादा १५,००० ठेवली, त्याच्या आत फी असेल तर कमिटीकडे मंजुरीला जायची गरज नाही. म्हणजे १५,००० ही माफक फी असं सरकारने स्वतः मान्य केलं आणि आम्हाला देताना २,००० कमी. येतात पण उशिरा. पगार मात्र एक तारखेलाच करावा लागतो. चार मुलांतलं एक आरटीईचं, तो फरक उरलेल्या तिघांच्या पालकांच्या खिशातून जातो, आणि ते काही श्रीमंत नाहीत, बीआयडीसी औद्योगिक वसाहतीतले हेल्पर आहेत, दुकानात कामाला आहेत.

निझामपुऱ्याची आई:
ट्रस्टवाले काका, तुमची शाळा चांगली असेल, मी नाही म्हणत नाही. माझा मुलगा आरटीईत आहे, दुसऱ्या एका शाळेत, नाव नको. फी माफ म्हणून आनंदाने गेलो तर जूनमध्ये हातात कागद दिला, ॲक्टिव्हिटी, स्मार्ट क्लास, डायरी-आयकार्ड, वार्षिक दिवसाचा ड्रेस, पुस्तकं त्यांच्याच दुकानातून. ३,००० तिथेच संपले आणि वर आमचे गेले. भांडले तेव्हा ॲक्टिव्हिटीचे परत केले, पण मुलाला वर्गात उभं करून विचारलं की तुझ्याच घरून अर्ज आला का.

जेवणाचं कोणी बोलत नाही. समितीच्या शाळेत दुपारी जेवण मिळतं, त्याच्या साहित्याचा दर मे २०२५ पासून मुलामागे दिवसाला प्राथमिकला ६.७८ आणि उच्च प्राथमिकला १०.१७ रुपये. कमीच आहेत, पण पोटात काहीतरी जातं. माझा मुलगा तितकाच गरीब, पण प्रायव्हेटच्या दारातून आत गेला म्हणून ते बंद. मांडवीभाऊ म्हणतात ते मला इथेच पटतं.

आणि आठवी झाली की आरटीई संपलं. नववीला पूर्ण फी. ज्ञान साधना स्कॉलरशिप आहे, पण ती परीक्षेत मेरिट आलं तरच. आठ वर्षं ज्या मित्रांसोबत वाढला त्यांच्यातून नववीला त्याला उचलायचं आणि सांगायचं की आपले पैसे संपले? मला तर आत्तापासून झोप लागत नाही.

वाडी रंगमहाल:
इतकी गुंतागुंत करण्यापेक्षा सरळ पालकाच्या खात्यात पैसे टाका ना. १३,००० शाळेला, ३,००० मुलाला, पगार वेगळा, ग्रांट वेगळी, कोणाला काही कळत नाही. एका मुलाचे वर्षाचे जे काय होतील ते आईच्या नावावर, तिला वाटेल त्या शाळेत ती भरेल. शाळा चांगली असेल तर मुलं येतील, नसेल तर बंद होईल, मग ती मराठी असो नाहीतर इंग्लिश. भाषेच्या प्रेमापोटी वीस मुलांवर दोन पगार घालवणं हा माझ्या टॅक्सचा चांगला उपयोग आहे असं मला वाटत नाही. कटू आहे पण बोलतो. आणि २०२५ मध्ये आरटीईची उत्पन्न मर्यादा ६ लाख केली ती याच कारणाने बरोबर आहे, मध्यमवर्गालाही चॉइस हवा.

जुने मास्तर, रावपुरा:
वाडीवाले, पैसा आकड्याच्या मागे पळवला की शाळा काय करते ते मी जवळून पाहिलंय. कित्येक वर्षं आमच्या ग्रांटेड हायस्कूलची निभाव ग्रांट, म्हणजे पगार सोडून रोजच्या खर्चाची ग्रांट, बोर्डाच्या निकालाशी बांधलेली होती. निकाल खाली गेला की ग्रांट कट, म्हणजे लाइट बिल, प्रयोगशाळा, शिपायाच्या चहापासून सगळं अडलं. मग काय झालं? शिकवणं सुधारलं का? काही शाळांनी नववीतच कच्ची पोरं गाळली. बापाला बोलवायचं, समोर खुर्ची द्यायची, गोड बोलायचं की याला एक्सटर्नलचा, म्हणजे शाळेबाहेरून परीक्षा द्यायचा, फॉर्म भरून द्या, त्याच्याच भल्याचं आहे. सह्या घेताना मी त्या खोलीत होतो. ती पोरं पाणीगेटच्या गॅरेजमध्ये, खंडेराव मार्केटच्या भाजीच्या गाड्यांवर दिसायची. ज्यांना मदतीची सगळ्यात जास्त गरज होती त्यांच्यामुळेच शाळेचा पैसा बुडत होता, म्हणून ती नको झाली. तुम्ही म्हणता तसं पालकाच्या हातात पैसे, म्हणजे व्हाउचर आलं की हेच पहिलीपासून होईल, शाळा मूल निवडेल, आईला काय निवडायला मिळणार. अपंग मूल, घरी कोणी शिकलेलं नसलेलं मूल, अर्ध्या वर्षात बदली होऊन आलेलं मूल, त्याचं व्हाउचर कोण घेणार सांगा.

आणि ६ लाखांचं म्हणाल तर, पूर्वी शहरात दीड लाख मर्यादा होती. जागा तेवढ्याच, रांग चौपट. ज्या बाईला ऑनलाइन फॉर्म भरायला सायबर कॅफेत पैसे द्यावे लागतात ती या रांगेत कुठे राहील?

सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीकडे सक्तीचं शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये अख्ख्या बडोदा राज्यात मोफत आणि सक्तीचं केलं. जिथे मूल आहे तिथे शाळा न्यायची, हा विचार होता. बाजार बघून शाळा ठेवायची हा नव्हता.

वाडी रंगमहाल:
मास्तर, तुम्ही सांगितलं ते वाईट झालं, मान्य. पण ते निकालावर पैसे दिल्याने झालं, मूल निवडल्यावर नाही. गरीब मुलाच्या व्हाउचरला दीडपट किंमत द्या, मग शाळा त्याला शोधत येईल. १९०६ मध्ये पर्याय एकच होता हो, आज गल्लीत पाच शाळा आहेत.

मांडवीचा पालक:
दीडपट द्या इथपर्यंत तर तुम्ही माझ्याकडे आलात. मी पहिल्यापासून गरज म्हणतोय, नुसती डोकी मोजा असं म्हटलेलं नाही. मास्तरांचा मुद्दा धरून स्पष्ट लिहितो. आधी शाळा चालू राहायला लागतं तेवढं ठोक द्या, म्हणजे दोन शिक्षक, लाइट, पाणी, सफाई, मुलं वीस असली तरी. त्याच्या वर मुलामागे रक्कम, आणि त्यात गरीब, अपंग, आईबाप बांधकामावर हिंडतात असं मूल, यांना जास्त. ही वरची रक्कम समितीची शाळा, ग्रांटेड आणि आरटीई तिन्हीकडे सारखी, जेवणासकट, बारावीपर्यंत. म्हणजे निझामपुऱ्याच्या ताईंना नववीची धास्ती नको. ट्रस्टवाल्यांना खरा खर्च मिळू दे, पण मग ॲक्टिव्हिटीच्या नावाने एक रुपया घेतला तर तो वजा. आणि जमीन सवलतीत घेताना ज्यांनी फुकट मुलं शिकवायचं आधीच कबूल केलंय त्यांना तेवढ्या मुलांचे पैसे मिळत नाहीत हे आरटीईच्या कलम १२ मध्येच आहे, ते तपासा.

ट्रस्टवाला, कारेलीबाग:
खरा खर्च द्या, वेळेवर द्या, माझे हिशोबाचे कागद उद्या फळ्यावर लावतो. पण तीच अट समितीच्या शाळेलाही हवी, कोणते शिक्षक कागदावर आहेत आणि कोणते वर्गात आहेत ते.

अकाउंटवाला, मांजलपूर:
ठोक अधिक मुलामागे अधिक गरजेचं, ऐकायला छान आहे. पैसा तेवढाच असेल तर कोणाचा तरी कमी करावा लागेल, ते कोणाचं हे यात लिहिलेलं नाही. ज्ञान सेतूचे २०,००० कमी करणार? ते घेऊन शिकणाऱ्या पोरांच्या आईबापांना सांगायला कोण जाणार?

जुने मास्तर, रावपुरा:
कमी कोणाचंच करू नका. सरकारी शाळेत राहणाऱ्याचे ५,००० वाढवा आणि रिकाम्या जागा परमनंट भरा. कोठारी आयोगाने १९६६ मध्येच सांगितलंय, राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर घाला आणि शेजारच्या शाळेत सगळ्यांची मुलं एकत्र बसवा. पैसा तेवढाच आहे हे आधी मान्य करून मग आपण आपसात भांडतो, ते मला मंजूर नाही.