आरोपीची आधीची शिक्षा कोर्टात सांगायचीच नाही का?

व्हरांड्यातली:
मावसबहिणीची केस सत्र न्यायालयात उभी आहे. २०२२ची, कलम ३७६, म्हणजे बलात्काराची. सुनावणी बंद दाराआड, म्हणून मी बाहेर बाकावर तिचा डबा सांभाळत बसते. पर्समध्ये आरोपीच्या २०१६च्या विनयभंगाच्या निकालाची नक्कल आहे, एक वर्षाची शिक्षा झालेली. अर्ज करून, चार हेलपाटे घालून मीच काढली. सरकारी वकीलबाई म्हणाल्या, "घडी घालून ठेव, आत्ता बाहेर काढायची नाही." तिची दोन दिवस उलटतपासणी आणि त्याचं जुनं झाकून ठेवायचं?

काळा_कोट:
ताई, बाईंनी बरोबर सांगितलंय. पुरावा कायद्याचं कलम ५४, नव्या साक्ष्य अधिनियमात ४९. आरोपीचं वाईट चारित्र्य खटल्यात गैरलागू. "तेव्हा केलं म्हणजे आताही यानंच केलं" हे एकदा डोक्यात बसलं की त्या रात्री काय झालं ते कोण तपासणार? मी बचावाकडून उभा राहतो, त्यामुळे माझं मत एकांगी समजा. पण जुना रेकॉर्डवाला म्हणून आधी उचललेली पोरं मी पाहिली आहेत.

मात्र आरोपीने आपण सज्जन असल्याचा पुरावा आणला, की दार उघडतं. मग तुमची नक्कल चालते. नुसता जुना एफआयआर असता तर तेव्हाही चालला नसता, शिक्षाच लागते.

आणि तिला आधीच्या संबंधांवरून काही विचारलं का? संमतीच्या मुद्द्यावर ते २०१३च्या ५३अ कलमाने बंद आहे. हरकत नोंदवली का बघा.

निवृत्त_शिरस्तेदार:
मुंबईतली शक्ती मिल आठवा, २०१३चे सामूहिक बलात्काराचे दोन खटले. तिघे दोन्ही खटल्यांत होते. २० मार्च २०१४ला दोन्हींत दोषी ठरले, त्यानंतर ३७६ई चा, म्हणजे पुन्हा बलात्कार केल्याचा, आरोप वाढवला. आधीची शिक्षा पुढे आली ती दोषी ठरल्यावर. ४ एप्रिलला फाशी, २०२१मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली. तुमच्याकडे आधीची शिक्षा विनयभंगाची, त्यामुळे ३७६ई लागणार नाही. पण दोषी ठरला तर शिक्षा किती द्यायची या सुनावणीत नक्कल दाखवता येते.

जर्सीकर:
इकडे अमेरिकेतही एकमत नाही. फेडरल कोर्टात १९९५पासून नियम ४१३, आधीचे लैंगिक गुन्हे पुराव्यात येऊ शकतात. न्यूयॉर्कच्या राज्य कोर्टात उलट: ज्यांच्याबद्दल आरोपच ठेवला नव्हता अशा स्त्रियांच्या साक्षी घेतल्या म्हणून हॉलिवूडचा निर्माता वाइनस्टीनची शिक्षा एप्रिल २०२४मध्ये ४ विरुद्ध ३ अशी रद्द झाली.

व्हरांड्यातली:
हरकत घेतली होती, तो प्रश्न साहेबांनी घेऊच दिला नाही. आज बचावाच्या साक्षीदारांची यादी मिळाली. पहिलं नाव त्याच्या तालमीच्या वस्तादांचं, पोराचं वागणं कसं चांगलं ते सांगायला. संध्याकाळी वकीलबाईंचा फोन आला. एवढंच विचारलं, "नक्कल आहे ना पर्समध्ये?"