ग्लॅमर हा मूळचा स्कॉटिश शब्द आहे का?

प्रश्न: परवा कुठेतरी वाचलं की ग्लॅमर हा शब्द स्कॉट्स बोलीतून आलाय आणि त्याचा ग्रामरशी संबंध आहे. ग्रामर म्हणजे आपलं व्याकरण?? शाळेत तरी त्यात काही ग्लॅमर दिसलं नव्हतं 😄 कोणी नीट सांगेल का?

उत्तर १: हो, खरंय. मध्ययुगात ग्रामर म्हणजे नुसतं व्याकरण नाही तर एकूणच लॅटिन विद्या, आणि लिहितावाचता न येणाऱ्या लोकांना वाटायचं की हे पंडित पोथ्यांमधून जादूटोणाच शिकतात, त्यामुळे त्याच शब्दाला मंत्रविद्या असाही अर्थ चिकटला. स्कॉट्समधे र चा ल झाला आणि ग्लॅमर तयार. मंत्रांच्या पोथीला ग्रिमॉयर म्हणतात तोही याच घरातला.

उत्तर २: यात भर घालतो. स्कॉट्समधे या शब्दाचा जुना अर्थ सौंदर्य वगैरे अजिबात नव्हता, सरळ नजरबंदी! स्कॉटिश कवी ॲलन रॅमझीने १७२१ च्या कवितासंग्रहातल्या शब्दसूचीत दिलंय की भुतं, चेटके किंवा जादूगार बघणाऱ्याची दृष्टी फसवतात तेव्हा ते डोळ्यांवर ग्लॅमर टाकतात असं म्हणतात. पुढे स्कॉटिश लेखक वॉल्टर स्कॉटने १८०५ च्या दीर्घकाव्यात हा शब्द वापरला आणि मग इंग्रजीत सगळीकडे पसरला. मोहक झगमगाट हा अर्थ नंतरचा, सिनेमावाल्यांनी तर तो पार आपलासाच केला.

प्रश्नकर्ता: म्हणजे हिरॉइनचं ग्लॅमर = नजरबंदी. मेकअप बघता अर्थ फारसा बदललेला नाही 😂 थँक्स दोघांनाही